टेन्सचे पॅड सुटतात, आईला टोचतं. मदत हवी आहे (इंदूर)

सुदामानगरकर:
आईच्या गुडघ्यासाठी टेन्स मशीन घेतलंय, कातडीवर पॅड लावून हलका करंट देऊन दुखणं कमी करणारं. सुरुवातीला छान चाललं. आता पॅड एका कोपऱ्यातून सुटतात आणि आईला सुया टोचल्यासारखं होतं. काल पॅड काढला तर खाली रुपयाएवढा लाल डाग. मशीन बिघडलं का? दुकानदार म्हणतो वायर बदला. फिजिओ सोमवारशिवाय भेटणार नाहीत. लवकर सांगा, आई रात्रभर कण्हते.

रामबागवाले:
पॅड किती दिवसांचे? दिवसातून किती वेळा लावता? चिकटणारे की काळे रबरी? रबरी असतील तर जेल वेगळं लावावं लागतं. यातलं काहीच लिहिलं नाहीत.

सुदामानगरकर:
चिकटणारे. रोज दोनदा, 20 दिवस झाले. मशीनचं विचारतोय मी.

विजयनगर_काका:
वर चिकटपट्टी मारा, चारी कडा दाबून. मी पाठीला सहा महिने एकाच जोडीवर काढले. नवे पॅड म्हणजे नुसता खर्च.

फिजिओ_ग्वाल्हेर:
काका, हे नका सांगू. पॅड अर्धा सुटला की सगळा करंट उरलेल्या तेवढ्याच जागेतून जातो. म्हणून टोचतं, आणि भाजूही शकतं. जेल वाळलं असेल तर पट्टीने काय होणार? हे पॅड साधारण 20-30 वेळा चालतात, तुमचे 40 वेळा झाले.

विजयनगर_काका:
मला तर कधी काही झालं नाही.

मावशी_बडोदा:
गुडघ्याला तेल लावतात का हो आई?

सुदामानगरकर:
हो, सकाळी महानारायण तेल चोळते. पण पदराने पुसून मगच पॅड लावतो. आत्ता पॅड उलटा करून पाहिला. जेलवर केस आहेत, पातळाचा एक धागा आहे आणि बोट फिरवलं तर तेलकट लागतंय. बाबाही कमरेला हेच लावतात.

मावशी_बडोदा:
मग मशीनचा काय दोष! पुसून तेल जात नाही. साबणाने धुऊन कोरडं करा, मगच पॅड. तेल रात्री चोळा. बाबांची जोडी वेगळी घ्या.

जिम_इंदूर:
टेन्सपेक्षा ईएमएस घ्या, माझ्या भावाच्या मांड्या भरल्या.

फिजिओ_ग्वाल्हेर:
ईएमएस स्नायू आकुंचन पावावेत म्हणून असतं, इथे प्रश्न दुखण्याचा आहे. सुदामानगरकर, आईंना मधुमेह? पेसमेकर?

सुदामानगरकर:
पेसमेकर नाही. शुगर 12 वर्षं आहे. त्याचा इथे काय संबंध?

फिजिओ_ग्वाल्हेर:
फार आहे. शुगरने कातडी बधिर झाली असेल तर करंट जास्त झालेला त्यांना कळणारच नाही. डोळे मिटायला सांगा. गुडघ्याभोवती आणि नडगीवर एकदा कापूस, एकदा टूथपिकचं टोक हलकेच टेकवा. फरक सांगता आला नाही तर मशीन बंद. डागावर तर पॅड लावूच नका. लाली थोड्या वेळात गेली तर चालतं, पण दुसऱ्या दिवशीही राहिली किंवा फोड आला तर डॉक्टरांना दाखवा.

रामबागवाले:
नवे पॅड घेतलेत तर मशीन बंद करूनच लावा नि काढा. काढताना कड धरा, वायर ओढू नका. मग प्लास्टिकवर परत चिकटवून झिपच्या पिशवीत ठेवा, आपल्याकडच्या मे महिन्यात उघडं जेल पार वाळतं. थोडं वाळलं तर पाण्याचा एक थेंब पुरतो. जेलला स्पिरिट लावू नका.

विजयनगर_काका:
दवा बाजारात जाणार असाल तर सकाळीच जा, नंतर गाडी लावायला जागा मिळत नाही. तोवर गरम पिशवीने शेका.

फिजिओ_ग्वाल्हेर:
बधिर जागेवर गरम पिशवीही नको, काका. तीही भाजते.

विजयनगर_काका:
हे मात्र खरं. शेजारच्या आजींच्या पायाला असाच फोड आला होता.

सुदामानगरकर:
कापूस लावून पाहिला. गुडघ्याच्या आतल्या बाजूला आईने बरोबर सांगितलं. नडगीवर तीनदा टूथपिक टेकवली, तिन्ही वेळा म्हणाली, "लाव ना, कधी लावतोस?" डाग अजून तसाच आहे. मशीन कपाटात ठेवलं. डॉक्टरांना आत्ताच फोन लावतोय.