मदत हवी आहे: कार्यालयासाठी काढलेली जागा जंगलात आणि पाण्यात पडतेय

डोंगरपायथा | गुरुवार, रात्री ११:१२

नमस्कार. जरा तातडीचं आहे. तीन नवीन कार्यालयांसाठी जागा सुचवायच्या आहेत. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये गावांचे बिंदू घेतले, त्यांना लोकसंख्येचं वजन दिलं, तीन गट पाडले आणि प्रत्येक गटाचा मध्य काढला. तीनपैकी दोन मध्य भलतीकडेच पडताहेत. एक उतारावर जंगलात आहे, जवळ ना गाव ना रस्ता. दुसरा चक्क पाण्यात. तीनदा पहिल्यापासून करून पाहिलं, तेच येतंय. सोमवारी साहेबांना नकाशा दाखवायचा आहे. नेमकं काय चुकतंय?

कृपया "आधी क्यूजीआयएस शिका" असं सांगू नका, पाच वर्षं रोज तेच वापरतोय.

रेखांश | रात्री ११:३०

सीआरएस, म्हणजे नकाशाची निर्देशांक-पद्धत, कोणती आहे? ९० टक्के वेळा चूक तिथेच असते. ईपीएसजी ४३२६ वर, म्हणजे साध्या अक्षांश-रेखांशांवर, अंतरं मोजलीत तर ती अंशांत येतात. आपल्या पट्ट्यात अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किमी आणि रेखांशाचा १०३-१०४ किमीच्या आसपास, म्हणजे दोन्हीकडची मापं सारखी नाहीत. यूटीएममध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्या. ७८ रेखांशाच्या पश्चिमेला असाल तर तिचा क्रमांक ३२६४३, गडचिरोलीकडे असाल तर ३२६४४.

डोंगरपायथा | रात्री ११:३४

३२६४३ मध्येच आहे. तो प्रश्न नाही.

विदाप्रेमी | रात्री ११:५१

धाग्यात महत्त्वाचं काहीच दिलेलं नाही. कार्यालय कशाचं? जिल्हा कोणता? लोक कार्यालयात येणार की कर्मचारी गावोगाव जाणार? अंतर सरळ रेषेत घेतलंय की रस्त्याने? लोकसंख्या कोणत्या सालची? हे कळल्याशिवाय जो तो अंदाजाने लिहीत राहील.

जोडाक्षर | शुक्रवार, सकाळी ७:०५

नकाशा दाखवायचा आहे म्हणताय म्हणून सांगतो. पीडीएफ काढताना मराठी गावांची नावं तुटतात, 'क्र' आणि 'र्व' यांची तर वाट लागते. एक्स्पोर्टच्या खिडकीत मजकूर पाथ म्हणून पाठवण्याचा पर्याय निवडा. अक्षरं चित्र म्हणून जातात आणि कोणत्याही संगणकावर नीट दिसतात. यावर माझे दोन दिवस गेले होते.

डोंगरपायथा | सकाळी ८:२०

धन्यवाद, पण छपाईपर्यंत अजून पोचलोच नाही. जागाच ठरत नाहीये.

विदाप्रेमी, विभागाचं नाव लिहू शकत नाही. क्षेत्रीय कार्यालय आहे एवढं धरा. अंतर सरळ रेषेतलं. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची, दुसरी आणणार कुठून?

मध्यक | सकाळी ९:१०

तुमचं गणित चुकलेलं नाही, तुम्ही वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर काढताय. मध्य म्हणजे सरासरी, आणि लांबच्या गावाकडे सरासरी गरजेपेक्षा जास्त ओढली जाते.

कागदावर करून बघा. एकाच रस्त्यावर तीन गावं आहेत. शून्य किमीवर ३०० माणसं, १० किमीवर ३००, ४० किमीवर २००. सरासरी १३.७५ किमीवर येते, म्हणजे रिकाम्या रानात. तिथे कार्यालय ठेवलं तर सगळ्यांची मिळून एका बाजूची चाल १०,५०० माणूस-किमी होते. तेच मधल्या गावात ठेवलं तर ९,०००. जागाही गावातली आणि चालही कमी.

तुम्हाला हवंय ते पी-मीडियन, म्हणजे सगळ्यांची मिळून चाल कमीत कमी होईल अशा ठरावीक जागा. हाकिमी या संशोधकाने १९६४-६५ मध्येच सिद्ध केलंय की रस्त्यांच्या जाळ्यावर यासाठी किमान एक सर्वोत्तम उत्तर जाळ्याच्या गाठींवरच (गावं, फाटे) मिळतं. तेव्हा मोकळ्या नकाशावर बिंदू शोधू नका. ज्या गावांत कार्यालय खरोखर होऊ शकतं तेवढीच उमेदवार म्हणून घ्या. क्यूनीट३ प्लगइनने प्रत्येक गावापासून प्रत्येक उमेदवारापर्यंतचं रस्त्याचं अंतर काढा आणि ती सारणी पायथनच्या स्पॉप्ट या जागा निवडणाऱ्या लायब्ररीला द्या. एका तालुक्याचं उत्तर चहा होईपर्यंत येतं.

बाजारगाव | सकाळी १०:४५

मी महसुलात ३१ वर्षं होतो, त्यातली बरीच डोंगरात. संगणकाचं मला कळत नाही, पण जागेचं कळतं. ज्या गावात आठवड्याचा बाजार भरतो तिथे कार्यालय ठेवा. माणूस एका कामासाठी डोंगर उतरत नाही. मीठ-तेल, बँक, रेशन, दाखला हे सगळं तो एका फेरीत करतो. जीपसुद्धा बाजाराच्या दिवशीच भरून येते.

एक प्रसंग माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. एक बाई कडेवर पोर आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद घेऊन दोन वाजता आली. फोटोची एक प्रत कमी होती. फोटोचं दुकान बाजारगावात, कार्यालय तिथून नऊ किलोमीटर लांब, आणि परतीची जीप तीनला. मी स्वतः अर्ज ठेवून घेतला, तरी फोटोसाठी तिला पुन्हा यावंच लागलं. ते नऊ किलोमीटर तुमच्या नकाशात कुठे दिसणार?

मध्यक | सकाळी ११:०२

आदर ठेवून सांगतो, "बाजारगावात ठेवा" ही पद्धत नव्हे. मोठ्या तालुक्यात बाजारगावं पाच-सहा असतात आणि कार्यालयं तीन. त्यातली कोणती तीन? ते मोजूनच ठरेल.

बाजारगाव | सकाळी ११:२०

मग मोजा की, पण त्या पाच-सहांतूनच मोजा. तुम्हीच म्हणालात उमेदवार गावं आधी ठरवा. मी तेच सांगतोय.

शेकोटी | दुपारी १२:१५

तलाठ्याचं पदनाम २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी झालं. नवीन कार्यालयांच्या पाट्या त्याच नावाने होणार का? आमच्याकडे अजून सगळे तलाठी आप्पाच म्हणतात.

बाजारगाव | दुपारी १२:३१

शेकोटी, लोक काहीही म्हणोत, पाटी नव्या नावाचीच लागणार. पण इथे विषय तो नाही.

आशाताई_नाही | दुपारी १:४०

पी-मीडियनला माझा विरोध आहे. मी आरोग्यात काम केलंय. एकूण चाल कमी करायची म्हटलं की कार्यालय जास्त लोकवस्तीकडे सरकतं आणि टोकाचा पाडा दर वेळी टोकालाच राहतो. मध्यक यांच्याच उदाहरणात ४० किमीवरच्या २०० माणसांना ३० किमी यावं लागतंय, आणि त्याला आपण सर्वोत्तम म्हणतोय. ते २०० जण आपल्या शेजारचे असते तर म्हटलं असतं का?

डोंगरी आणि आदिवासी भागात आरोग्य उपकेंद्र ५,००० ऐवजी ३,००० लोकसंख्येला देतात ते याचसाठी. सगळ्यात लांबच्या माणसाचं अंतर कमीत कमी करा. त्याला पी-सेंटर म्हणतात.

मध्यक | दुपारी २:०५

निव्वळ पी-सेंटरने एका पाड्यासाठी हजारो लोकांची वाट वाढते. मधला मार्ग आहे. आधी मर्यादा ठरवा, समजा दोन तासांच्या पलीकडे कोणी राहायला नको, आणि ती पाळून एकूण चाल कमी करा. मर्यादा पाळणं शक्यच नसेल तर त्या वेळेत जास्तीत जास्त माणसं बसवा. चर्च आणि रेव्हेल या संशोधकांचं १९७४ चं मांडणं तेच आहे, स्पॉप्टमध्ये तयार मिळतं. मात्र ते दोन तास की तीन, हे साहेबांनी ठरवायचं. ते संगणकाचं काम नाही.

विदाप्रेमी | दुपारी २:२०

तालुका अजून कळलेला नाही.

डोंगरपायथा | दुपारी ४:५०

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याचा डोंगराकडचा भाग आणि धडगाव. लोकही येणार आणि आमची माणसंही गावात जाणार, दोन्ही आहे. जंगलातला बिंदू मोलगीच्या वरच्या अंगाला आणि पाण्यातला नर्मदेत. हे आधीच लिहायला हवं होतं. मला वाटलं होतं प्रश्न सॉफ्टवेअरचा आहे.

काठावरून | संध्याकाळी ६:१५

अक्कलकुवा म्हटल्यावर राहवलं नाही. तुमचा विदा (डेटा) जुन्या नदीचा आहे, आजच्या जलाशयाचा नाही.

सरदार सरोवर २०१९ मध्ये पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरलं. तुमची गावांची यादी २०११ ची. मणिबेलीपासून वरची महाराष्ट्रातली ३३ गावं या धरणाने बाधित झाली. त्यांतली बरीच कुटुंबं पुनर्वसन वसाहतींत गेली, काही तिथेच वर सरकली. त्यांचे बिंदू तुमच्याकडे अजून जुन्या जागी, पूर्ण लोकसंख्येचं वजन घेऊन बसलेत. मध्य तिकडे ओढला जाणारच.

उंचीसाठी एसआरटीएम (अवकाशातून मोजलेल्या उंचीचा विदा) वापरणार असाल तर ते मोजमाप फेब्रुवारी २००० चं आहे. धरण तेव्हा आजच्यापेक्षा खूप बुटकं होतं, म्हणून त्यात नर्मदेचे जुने उतार सुक्या जमिनीसारखे दिसतात. चालण्याचं मॉडेल माणसाला पाण्याखालच्या वाटेने पलीकडे नेईल. १३८.६८ च्या खालचा भाग पाणी म्हणून कापून टाका, पण फक्त नर्मदेच्या खोऱ्यापुरता. तालुक्याच्या दक्षिणेला तापीच्या बाजूची सपाटी आहे, तिथे हा नियम लावू नका.

आणि गाव म्हणजे एक बिंदू हे इकडे चालत नाही. एकेका महसुली गावाचे आठ-दहा पाडे, दोन पाड्यांमध्ये दरी. पाडे स्वतंत्र घ्या. ग्रामसडक योजनेचा रस्त्यांचा आणि वस्त्यांचा विदा जिओसडक संकेतस्थळावर खुला आहे. तो पूर्ण नाही, पण सुरुवातीला पुरतो.

रेखांश | संध्याकाळी ७:०२

उत्तम माहिती. सीआरएसचं माझं म्हणणं मागे घेतो. आता अंतर सोडा आणि वेळ घ्या. उतारावरून चालण्याचा वेग काढणाऱ्या टोब्लरच्या सूत्राने सपाटीवर माणूस ताशी ५ किमी चालतो. २० टक्के चढावर अडीच किमी, तोच उतार उतरताना साडेतीन. म्हणून जाण्याची आणि येण्याची सारणी वेगवेगळी करा. पायवाट आणि गाडी मिळून हिशोब करायचा तर जागतिक आरोग्य संघटनेचं अ‍ॅक्सेसमॉड हे सॉफ्टवेअर फुकट आहे.

आशाताई_नाही | संध्याकाळी ७:३०

ते सूत्र मोकळ्या हाताने चालणाऱ्याचं आहे. पोर कडेवर घेतलेल्या बाईचा वेग कमी धरा.

बाजारगाव | रात्री ८:१०

आणि देवगोई घाट विसरू नका. अक्कलकुव्याहून मोलगीला तोच रस्ता. पावसात दरड आली की खालच्या कार्यालयाचा वरच्या लोकांना काही उपयोग नाही.

डोंगरपायथा | रविवार, रात्री १०:२५

दोन रात्री बसून पुन्हा केलं. बुडालेल्या वस्त्यांचे बिंदू काढले, वर सरकलेले पाडे उपग्रह चित्रावर घरं बघून हाताने टाकले. पाण्याचा भाग कापला. उमेदवार म्हणून फक्त बाजाराची आणि नेटवर्क असलेली गावं ठेवली, कारण ऑनलाइन कामं नेटवर्कशिवाय होणार नाहीत. वेळेची सारणी दोन प्रकारे केली. एक उन्हाळ्याची, दुसरी पावसाळ्याची. दुसरीत घाट बंद आणि ओढ्यांवरच्या पुलाविना वाटा बंद.

मोलगी आणि धडगाव दोन्ही सारण्यांत, मर्यादा दोन तास ठेवा की तीन, प्रत्येक वेळी येतात. बाजारगाव, तुमचं म्हणणं इथे खरं ठरलं. गाडी अडलीय ती तिसऱ्या जागेवर. उन्हाळ्यात ती घाटाखाली जाते, पावसाळ्यात नर्मदेच्या अंगाला. आशाताई, वाहनाचा रस्ता नसलेले काठचे काही पाडे कोणत्याही जागेपासून तीन तासांत बसत नाहीत. कितीही फिरवलं तरी नाहीत.

काठावरून | रात्री १०:५०

ते बसणार नाहीत. तिथे लोक बोटीने ये-जा करतात, तुमच्या जाळ्यात बोट नाही. नर्मदाकाठी आरोग्याचा तरंगता दवाखाना फिरतो. त्यांच्या ठरलेल्या दिवशी तुमचा एक माणूस कागद-शिक्के घेऊन सोबत जाऊ शकतो का, ते विचारा. ते पाडे उणे करून तिसरी जागा पुन्हा काढा.

बाजारगाव | रात्री ११:०४

आणि दोन्ही ऋतूंचे नकाशे साहेबांसमोर शेजारी-शेजारी ठेवा. एकच दाखवलात तर उन्हाळ्याचाच मंजूर होईल.

डोंगरपायथा | रात्री ११:४०

बोटीचे थांबे कुठे आहेत ते कोणी सांगू शकेल का? अक्षांश-रेखांश नसले तरी पाड्यांची नावं चालतील. ते पाडे वगळून पुन्हा चालवायला लावलंय, सकाळपर्यंत होईल.

काठावरून | रात्री ११:५२

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. पाणी उतरलं की दोन थांबे बदलतात, तेही लिहिलंय.