तीन संघ आले, तिन्ही पात्र ठरले. याला निवड म्हणायची?

घोडबंदरची_कोच

चीअरलीडिंगच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी यंदा आपल्याकडे दोन निवड फेऱ्या झाल्या, एक नवी मुंबईत, एक पुण्यात. आमच्या वयोगटात आणि आमच्या लेव्हलला (म्हणजे अवघडपणाच्या पायरीला) नवी मुंबईत तीन संघ उतरले, पुण्यात अकरा. नियम असा की दोन्हीकडचे पहिले तीन पुढे. म्हणजे आमच्याकडे मॅटवर येऊन नमस्कार करून गेलं असतं तरी जागा पक्की! पुण्याच्या चौथ्या संघाला आमच्याकडच्या दुसऱ्या संघापेक्षा जास्त गुण होते. गुणपत्रिका तीच, लेव्हल तीच. तो संघ घरी बसला.

तो दुसरा नंबर आमच्या शाळेचा आहे. त्यामुळे 'हरलात म्हणून रडताय' हा प्रतिसाद कृपया टाकू नका.

ही पद्धत आपण अमेरिकेकडून उचलली. २००४ पासून फ्लोरिडात ऑरलँडोला क्लब संघांची 'वर्ल्ड्स' भरते. तिथे जायला 'बिड' म्हणजे प्रवेशाची जागा लागते आणि ती ठरलेल्या स्पर्धांमध्ये वाटली जाते. फुल पेड बिड मिळाली तर जाण्या-राहण्याचा खर्च मिळतो, पार्शल पेडला थोडा मिळतो आणि ॲट-लार्ज म्हणजे जागा तुमची, खर्चही तुमचाच. एका स्पर्धेत हुकली तर दुसऱ्या शहरातल्या स्पर्धेत नाव घालायचं. कोणत्या स्पर्धेला कोण येणार नाही याचा अंदाज बांधणारे कोच तिथे आहेत, आणि आता इथेही होणार.

माझं म्हणणं एवढंच: आधी किमान गुणांची रेषा ठरवा. ती ओलांडली नाही तर पहिला नंबर असला तरी जागा नाही. रेषेच्या वर जे आहेत त्यांच्यातून नंबर लावा. चर्चा करा, पण मुद्द्यावर.

वाशी_प्लाझा

ताई, रेषा आखायची कशाने? स्टीपलचेसचा धावपटू अविनाश साबळेला पॅरिस ऑलिंपिकसाठी ८ मिनिटं १५ सेकंदांची वेळ गाठायची होती. त्याने ती पोलंडमध्ये गाठली. समजा बालेवाडीत गाठली असती तरी चाललं असतं, कारण घड्याळ दोन्हीकडे तेच आहे. इथे घड्याळ नाही, परीक्षक आहेत.

माझी मुलगी फ्लायर आहे, म्हणजे वर उचलली जाणारी. मागच्या स्पर्धेत पिरॅमिडमध्ये तिला खालून उचलणाऱ्या डाव्या बाजूच्या बेसचं मनगट वळलं, ही कमरेतून वाकली, मागून आधार देणाऱ्या बॅकस्पॉटने घोट्याला धरून सावरली आणि पुन्हा उभी केली. हा 'बॉबल' (नुसतं डगमगणं) की 'फॉल' (पडणं)? एका टेबलावर बॉबल धरला गेला. दुसरीकडे अशाच सावरलेल्या स्टंटला फॉल लावलेला मी पाहिलाय. दोन्हींच्या वजावटीत जो फरक आहे, तेवढ्या फरकाने आपल्याकडे दोन-तीन नंबर बदलतात. पुण्याच्या पॅनेलने हात सैल सोडला आणि नवी मुंबईच्याने आखडता घेतला असं का असू शकत नाही? एका हॉलमध्ये, एका दिवशी, एकाच पॅनेलसमोर लागलेला नंबर हीच त्यातल्या त्यात खरी गोष्ट. दोन हॉलमधल्या गुणांची वजाबाकी करू नये.

नौपाडा_कट्टा

मूळ प्रश्न राहिलाच. चीअरलीडिंग हा खेळ कधी झाला? २००८ ला आयपीएल सुरू झालं तेव्हा चौकार गेला की नाचायच्या त्याच ना? त्यात कसली आलीय पात्रता.

घोडबंदरची_कोच

@नौपाडा_कट्टा, काका, अडीच मिनिटांचं एक रुटीन बघा आणि मग बोला. मुली एकमेकींना डोक्यावर उचलतात, हवेत फेकतात, झेलतात, मध्ये टंबलिंग म्हणजे जमिनीवरच्या कोलांट्याउड्या. आयपीएलशी संबंध फक्त नावापुरता.

चेंदणी_ते_जर्सी

काकांचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. हाच प्रश्न इथे अमेरिकेत कोर्टात गेला होता आणि त्याचं उत्तर थेट या धाग्याच्या विषयावर येऊन थांबलं.

कनेटिकटमध्ये क्विनिपिॲक नावाचं विद्यापीठ आहे. त्यांनी २००९ साली मुलींचा व्हॉलीबॉल संघ बंद करायचा ठरवला आणि त्याऐवजी स्पर्धात्मक चीअर संघ उभा केला. अमेरिकेत टायटल नाइन कायद्याखाली मुलींना मुलांच्या बरोबरीने खेळायच्या जागा द्याव्या लागतात. विद्यापीठ म्हणालं, चीअरच्या मुली मोजा. व्हॉलीबॉलच्या मुली आणि त्यांची कोच कोर्टात गेल्या. २०१० मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला की चीअर पुढेमागे खेळ म्हणून मोजता येईलही, पण आज तो त्यासाठी पुरेसा बांधलेला नाही. २०१२ मध्ये अपिलातही तेच कायम राहिलं.

कारणं वाचण्यासारखी आहेत. मुली खेळाडू नाहीत किंवा मेहनत करत नाहीत असं कोर्टाने कुठेही म्हटलं नाही. हंगामभर एकसारखे नियम नव्हते, हे एक कारण. दुसरं असं की हंगामाच्या शेवटची मोठी स्पर्धा सगळ्यांना खुली होती. हंगामातल्या कामगिरीवरून तिथे कोणाला गाळलं जात नव्हतं की कोणाचं मानांकन होत नव्हतं. म्हणजे पात्रता नावाची गोष्टच नव्हती. हंगामातल्या निकालाचा शेवटच्या स्पर्धेशी काही संबंध नसेल तर हंगाम कशासाठी खेळला?

त्यामुळे घोडबंदरताईंच्या बाजूने एक मत. २०२१ मध्ये ऑलिंपिक समितीने इंटरनॅशनल चीअर युनियनला पूर्ण मान्यता दिली आहे. तीन आले आणि तिन्ही गेले अशी फेरी आता कोणत्या तोंडाने दाखवायची?

नौपाडा_कट्टा

माहिती नवीन आहे. वाचतोय.

थर_नऊ

मी वर्तकनगरचा, दहीहंडीच्या पथकात तिसऱ्या थराला असतो. तुमच्यातला एक फरक मला कळत नाही. आमच्यात निवड फेरी नसते. ट्रक काढायचा, मैदानात यायचं, नंबर लागला की उभं राहायचं. पण सलामीचं बक्षीस थरांवर असतं आणि थर मोजता येतात. नऊ म्हणजे नऊ. २०२५ ला कोकण नगर पथकाने ठाण्यात दहा लावले तेव्हा कोणी परीक्षकाच्या हाताकडे बघत बसलं नाही. एक्का म्हणजे सगळ्यात वरचा पोरगा वर गेला, हात वर केला, सगळ्यांनी पाहिलं. तुम्हीही असं काहीतरी ठेवा की जे रस्त्यावरच्या माणसाला मोजता येईल. पिरॅमिड लागला आणि नीट उतरला, की पात्र.

चेंदणी_ते_जर्सी

@थर_नऊ, स्पेनमध्ये कातालोनियात मनोरे रचतात त्यांचं गणित जवळपास असंच आहे. प्रत्येक प्रकारच्या मनोऱ्याला किती गुण हे आधीच छापलेलं असतं, आणि नुसता उभा केला तर कमी, उभा करून सुखरूप उतरवला तर जास्त.

घोडबंदरची_कोच

दादा, थरांचं पटतं, पण चीअरमध्ये उंचीला नियमानेच कुलूप आहे. लेव्हल एक ते सात आहेत आणि कोणत्या लेव्हलला काय करायचं नाही याची यादी मोठी आहे. लेव्हल एकला हँडस्प्रिंगसुद्धा (हातांवर उसळी घेऊन पलटणं) चालत नाही, फक्त कोलांट्या, कार्टव्हील वगैरे. म्हणजे त्या लेव्हलचे सगळे संघ साधारण तेच करतात. फरक पडतो तो सफाईत, पायाच्या चवड्यांत, एकत्र उतरण्यात. ते रस्त्यावरून मोजता येत नाही.

वाशी_प्लाझा

आणि ताई, तुमच्या रेषेचा पहिला परिणाम या लेव्हलवरच होणार आहे. किमान गुण ठेवलेत की कोच काय करेल? लेव्हल तीनचा संघ लेव्हल दोनला उतरवेल. सोपं रुटीन, शून्य वजावट, गुण भरपूर, जागा पक्की. अमेरिकेत याला सँडबॅगिंग म्हणतात आणि पालक त्यावरून हमरीतुमरीवर येतात. ज्या लेव्हल दोनच्या मुली खऱ्या अर्थाने त्या लेव्हलच्या आहेत त्या मग कुठे जाणार? पळवाट बंद करायला गेलात आणि दुसरी उघडून ठेवलीत.

आकडेमोड

दोघांचेही मुद्दे घेऊन एक उदाहरण देतो, चीअरबाहेरचं. २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये एलिझाबेथ स्वेनी नावाची स्कीअर हंगेरीकडून हाफपाइपमध्ये (बर्फाच्या अर्धगोल घळीत उड्या मारत कसरती करायचा प्रकार) उतरली. अमेरिकेत वाढलेली मुलगी. तिने हवेतल्या कसरती जवळपास केल्याच नाहीत, फक्त न पडता खाली आली. ती पात्र कशी ठरली? नियम होता की वर्ल्ड कपमध्ये पहिल्या तिसांत या. बाईंनी जगभरच्या वर्ल्ड कप स्पर्धांना हजेरी लावली आणि त्या प्रकारात बायकांचे स्पर्धक बऱ्याचदा तीसही नसायचे. नियम तिने कुठेही मोडला नाही. नवी मुंबईची फेरी हेच आहे.

पण उलटं टोकही बघा. २०१२ ला लंडनमध्ये जॉर्डिन वीबर ही आदल्या वर्षीची जगज्जेती जिम्नॅस्ट प्राथमिक फेरीत चौथी आली आणि अंतिम फेरीला मुकली, कारण एका देशाच्या दोघींनाच पुढे जाता येतं आणि तिच्या पुढे अमेरिकेच्याच दोघी होत्या. तिच्याहून कमी गुणांच्या मुली अंतिम फेरीत खेळल्या. ते अन्यायकारक होतं का? वीबरसाठी होतं. पण तो नियम काढला तर दोन-तीन देशच अंतिम फेरीत एकमेकांशी खेळत बसतील आणि बाकीच्या देशांत तो खेळ कोणी मुलांना शिकवणार नाही.

नवी मुंबईला तीन जागा दिल्या त्या याच विचाराने दिल्या असाव्यात. गुणवत्तेची निवड आणि खेळ पसरवणं ही दोन कामं एका नियमाकडून करून घेतली की असं होतं. माझ्या मते प्रत्येक फेरीतून एक जागा, फक्त पहिल्याला. उरलेल्या सगळ्या जागा एकत्रित यादीतून, गुणांवर. पॅनेलचा प्रश्न असेल तर रुटीनचं चित्रीकरण दुसऱ्या पॅनेलकडून पुन्हा तपासून घ्या. त्याला खर्च फार नाही.

खारघर_हिल्स

+१. एक जागा प्रांताला, बाकी गुणांना.

वाशी_प्लाझा

चित्रीकरण कोण करणार? एका शाळेकडे चांगला कॅमेरा, दुसरीकडे बाकावर उभ्या राहिलेल्या बाबांचा मोबाइल.

आकडेमोड

आयोजक करणार. स्पर्धेची फी कशाला घेतात?

खारघर_हिल्स

फीचा विषय निघाला म्हणून. पात्रतेची खरी चाळणी गुणांच्या आधीच लागलेली असते आणि ती खिशाची आहे. अमेरिकेत स्पर्धा घेणाऱ्या खाजगी कंपन्या आहेत. त्यातली सगळ्यात मोठी व्हर्सिटी. मक्तेदारी करून खर्च फुगवला, ठराविक हॉटेलांतच राहायची सक्ती केली, असे आरोप करत जिमवाले (चीअरचे संघ चालवणारे क्लब) आणि पालक कोर्टात गेले. कंपनीने २०२३ मध्ये ४ कोटी ३५ लाख डॉलर आणि २०२४ मध्ये दुसऱ्या दाव्यात ८ कोटी २५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. जी कंपनी स्पर्धा भरवते तिच्याच स्पर्धेत बिड मिळणार असेल तर जास्त बिड वाटण्यात तिचा फायदा आहे की कमी?

आपल्याकडे एवढा पैसा नाही, पण गोष्ट वेगळी नाही. आमच्या शाळेत मुली ज्युदोच्या मॅट जोडून सराव करतात. मधला सांधा उघडतो आणि उतरताना टाच त्यात जाते, म्हणून दर दहा मिनिटांनी दोघीजणी मॅट ढकलून पुन्हा चिकटवतात. समोरच्या संघाकडे स्प्रिंग फ्लोअर आहे, खाली स्प्रिंगा बसवलेली लवचिक जमीन. किमान गुणांची रेषा आखलीत तर कोण वर राहील हे सांगायला ज्योतिषी नको.

चेंदणी_ते_जर्सी

यावर इथला एक तोडगा: 'समिट' या मोठ्या चीअर स्पर्धेची लहान जिमसाठी वेगळी आवृत्ती आहे, १२५ पर्यंत खेळाडू असलेल्या जिमसाठी. तुलना आपल्यासारख्यांशीच.

खारघर_हिल्स

१२५ म्हणजे लहान? आमच्या तर सगळ्या इयत्ता मिळून अठरा मुली आहेत.

थर_नऊ

सुरक्षेचं कोणीच बोललं नाही. आमच्यात २०१४ ला हायकोर्टाने वीस फुटांची मर्यादा घातली आणि अठराच्या आतल्या पोरांना बंदी केली, तेव्हा सगळे चिडले होते. २०१७ ला उंचीची अट गेली, वय चौदावर आलं. ते सोडा. पण ज्या पथकाचा सहावा थर हलतो त्याने सातवा लावायला जाऊ नये हे आम्हालाही कळतं. तुमची किमान रेषा नंबरासाठी नको असेल तर नको, वरच्या मुलीसाठी तरी ठेवा. राष्ट्रीयला गेलो म्हणून अंगावर न पेलणारे स्टंट करायला लावतात की नाही, खरं सांगा.

घोडबंदरची_कोच

लावतात. याचं उत्तर माझ्याकडे 'हो' एवढंच आहे.

बाकी आकडेमोड यांचा एक जागेचा तोडगा माझ्या रेषेपेक्षा बरा वाटतो, पण सगळ्या फेऱ्यांच्या गुणपत्रिका जाहीर झाल्याशिवाय तो चालणार नाही. आज त्या फक्त कोचच्या हातात मिळतात. मला पुण्याचे गुण कळले ते ओळखीतून.

वाशी_प्लाझा

गुणपत्रिका जाहीर करायला माझा पाठिंबा. पत्र लिहा, सही करतो. किमान गुणांना विरोध कायम. आणि एक विचारतो, रागावू नका: नियम इतका चुकीचा वाटतो तर तुम्ही जागा परत करणार का?

घोडबंदरची_कोच

नाही. मुलींनी छापलेल्या नियमाने मिळवली आहे. नियम बदला म्हणते, मुलींना शिक्षा करा म्हणत नाही.

सिंहगड_रोड

हा धागा कोणीतरी पाठवला म्हणून खातं उघडलं. तो चौथा संघ आमचा. ताई, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल आभार, पण जागा परत वगैरे नको, आमच्या मुलींना ते आवडणारही नाही. आमच्या पालकसभेत वेगळंच ठरलंय. निवड फेरी कुठेही खेळता येते, जिल्ह्याची अट नाही. पुढच्या वर्षी आम्ही नाव नवी मुंबईत घालणार. आणखी दोन संघ तोच विचार करतायत.

घोडबंदरची_कोच

बघा. हेच मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं होतं.

वाशी_प्लाझा

यात वाईट काय झालं? पुढच्या वर्षी नवी मुंबईत तीनच्या जागी सहा संघ असतील आणि तिघांना घरी जावं लागेल. तुमची रेषा न आखता चुरस आली. मी मुलीला आजच सांगतो, सुट्टीत सराव बंद नाही.