मदत हवी आहे: कीर्तनकार महाराजांसाठी गाडी घ्यायची आहे, नाव कुणाचं लावायचं?

टाळकरी_कांजूर
रामकृष्ण हरी. तातडीचं आहे म्हणून नवीन धागा काढतोय. आमच्या महाराजांची गाडी पार गेली, गॅरेजवाल्याने हात जोडले. कार्तिकीनंतर सप्ताहांच्या तारखा लागलेल्या आहेत. मंडळाने गाडी घेऊन द्यायचं ठरवलंय. एक सेकंडहँड अर्टिगा बघून ठेवली आहे. मालक रविवारपर्यंत थांबतो म्हणालाय, पुढे नाही, आणि त्याला अर्धे पैसे रोख हवेत. आमच्याकडे थोडे कमी पडतात, तेवढ्याचं कर्ज काढू. प्रश्न एवढाच आहे की गाडी महाराजांच्या नावावर करायची की मंडळाच्या? आणि आरटीओत काय काय लागतं? ज्यांनी हे केलंय त्यांनीच सांगा.

घाटउतार
माऊली, मंडळ म्हणजे काय? नुसतं भजनी मंडळ की नोंदणी केलेला ट्रस्ट? महाराज मंडळाच्या कमिटीत आहेत का? किती जमले आणि ते कुणाच्या खात्यात आहेत? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

लोकल_डोंबिवली
अर्टिगा चांगली आहे पण सीएनजी असेल तर घेऊ नका. डिकीत टाकी आली की पखवाज कुठे ठेवणार? आम्ही भजनाला जाताना पखवाज मांडीवर घेऊन बसायचो. त्यापेक्षा सरळ इको घ्या, मागे वीणा, टाळांची पिशवी, पेटी सगळं मावतं. मायलेज विचाराल तर

लोकल_डोंबिवली
(मोबाईलवरून अर्धवट गेलं) मायलेज हायवेला ठीक, घाटात कमी.

टाळकरी_कांजूर
गाडी पेट्रोलची आहे, आणि कुठली घ्यावी हे मी विचारलेलं नाही. मंडळ आमच्या तालुक्यातल्या मुंबईकरांचं आहे, लालबाग-परळपासून कांजूर-भांडुपपर्यंत सभासद आहेत. नोंदणी आहे. पैसे जमलेत. नाव कुणाचं लावायचं ते सांगा.

हिशेबनीस_ताई
नोंदणी कुठली? महाराष्ट्रात अशा संस्थांकडे बहुतेक वेळा दोन सर्टिफिकेटं असतात, एक १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याचं आणि दुसरं १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं. दुसऱ्यावर 'एफ'ने सुरू होणारा क्रमांक असतो. तो असेल तर तुमचा कारभार धर्मादाय आयुक्तांच्या अखत्यारीत येतो आणि पुढचं सगळं लागू होतं.

पहिली गोष्ट कर्जाची. त्या कायद्याच्या कलम ३६-अ प्रमाणे विश्वस्तांना ट्रस्टसाठी कर्ज काढायचं असेल तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. 'आधी' हा शब्द महत्त्वाचा. बँकेचं कर्ज असो की एखाद्या सभासदाकडून घेतलेले हातउसने, दोन्ही कर्जच. वरळीच्या ऑफिसात अर्ज, सुनावणी, आदेश असं सगळं होतं; रविवारपर्यंत ते होणार नाही. कमी पडणारी रक्कम सभासदांकडून देणगी म्हणून घ्या, पावती फाडा, परत करायचं बोलणं ठेवू नका.

दुसरी गोष्ट रोखीची. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख कुणालाही घेता येत नाही, आणि घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्याला बसतो. म्हणजे अडचणीत तुमचा गाडीमालक येईल, हे त्याला समजावून सांगा. ट्रस्टच्या बाजूनेही १०,००० रुपयांच्या वर रोखीने केलेला खर्च आयकरात उद्दिष्टांवरचा खर्च म्हणून धरत नाहीत. सगळं बँकेतून द्या.

आता सांगा, मंडळाच्या घटनेत (नियमावलीत) 'कीर्तन-प्रवचनाचा प्रसार' असं काही उद्दिष्ट आहे का?

वीणेकरी
मला एक विचारायचं आहे, राग मानू नका. महाराजांना गाडी लागतेच का? कीर्तनाच्या गावी अन्न घेऊ नये, बुक्का लावून घेऊ नये, माळ घालून घेऊ नये, एवढंच सांगून तुकोबा थांबले नाहीत. घोड्या-बैलासाठी दाणा-वैरणसुद्धा मागू नये म्हणाले. पैसे घेणारा आणि देणारा दोघेही नरकात जातात, हे त्याच अभंगात आहे. आजचं पेट्रोल म्हणजे तीच वैरण. माझे वडील गिरणीत पाळी करून रात्री एसटीने कीर्तनाला जात, सकाळी परत पाळीवर.

टाळकरी_कांजूर
वीणेकरी माऊली, तुमच्या वडिलांना नमस्कार. पण आमचे महाराज पासष्टीचे आहेत, गुडघे गेलेत. रात्री अकराला कीर्तन संपतं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुसऱ्या तालुक्यात उभं राहायचं असतं. वाडीवस्तीवर त्या वेळी कुठली एसटी? महाराजांनी गाडी मागितलेली नाही, आम्ही देतोय. बिदागी ते सांगत नाहीत, कुणी नारळ दिला तरी आनंदाने घेतात.

घाटउतार
वीणेकरींचा मुद्दा मोडीत काढू नका. वैरण कीर्तनाच्या गावाकडून मागू नये असं तुकोबा म्हणतात. मग ती आपल्या मंडळानेच घातली, तर बोलावणाऱ्या गावावर भार येत नाही. उलट आज कितीतरी ठिकाणी सप्ताह कमिटीला आधी फोनवर गाडीखर्च सांगितला जातो आणि लहान गावं मागे सरतात. मला तर वाटतं, मंडळाने गाडी ठेवणं हेच त्या अभंगाच्या जवळ जाणारं आहे.

वीणेकरी
हे पटण्यासारखं आहे. पण मग गाडी मंडळाचीच राहिली पाहिजे. महाराजांच्या नावावर झाली की ती बिदागीच झाली.

दिंडीप्रमुख_परळ
मी उलट सांगतो. नावावरच करून द्या. ज्यांनी हयात आपल्याला ज्ञानेश्वरी सांगितली त्यांनी सेक्रेटरीच्या दारात उभं राहून किल्ली मागायची का? आमच्याकडे हे झालेलं आहे. कमिटी बदलली, नव्यांनी 'गाडी मंडळाच्या कामालाच' म्हणून अडवून ठेवली आणि महाराज रिक्षाने दवाखान्यात गेले. द्यायचं तर हात मोकळा सोडून द्या.

भाऊचा_धक्का
आणि आमच्या गावच्या मंडळात याच्या उलट झालं. गाडी महाराजांच्या नावावर होती, महाराज गेले. गाडी वारसांची झाली, कायद्याने ते बरोबरच होतं. मुलाने विकली. पावती फाडलेली घरं आजही विचारतात, आमचे पैसे कुठे गेले. मुलाशी बोलणं तुटलं ते तुटलंच. दिंडीप्रमुख, किल्लीचा प्रश्न ठरावात सोडवता येतो, वारसाचा येत नाही.

मिशन_कंपाउंड
मी भायखळ्याच्या एका मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, खजिनदार होतो. आमच्याकडे हा प्रश्न जुना आहे, कारण एका पाळकाकडे (पास्टरकडे) चार-पाच ठिकाणच्या उपासना असतात, कर्जत-पालघरपर्यंत. आम्ही दोन्ही तऱ्हा करून बघितल्या. गाडी संस्थेच्या नावावर असली की पाळकाची बदली झाली तरी गाडी कामावर राहते. पाळकाची स्वतःची गाडी असली तर मंडळी दर किलोमीटरमागे भत्ता देते. त्यात वही नीट ठेवली तर भांडण होत नाही. गाडीत लॉगबुक: तारीख, कुठून कुठे, किलोमीटर, काम, सही. घरच्या कामाला नेली तर तेही लिहायचं आणि तेवढ्या किलोमीटरचे पैसे भरायचे. लाज वाटायचं कारण नाही, उलट पाळकालाच मोकळं वाटतं.

पैसे उभे करण्याबद्दल एक सांगतो. कॅथलिकांमध्ये मीव्हा नावाची संस्था आहे, जर्मन धर्मगुरू पाउल शुल्टे यांनी १९२७ मध्ये काढली. त्यांचा मिशनरी मित्र आफ्रिकेत आजारी पडला आणि त्याला वेळेत उपचारापर्यंत नेणारं वाहन नव्हतं, म्हणून. ऑस्ट्रियातली मीव्हा जुलैत संत ख्रिस्तोफरच्या सणाच्या सुमारास गाडीवाल्यांना सांगते की विनाअपघात चाललेल्या दर किलोमीटरमागे सेंटचा दहावा भाग द्या. रक्कम नगण्य, पण देणारे पुष्कळ, आणि दर वर्षी. तुमच्या सभासदांत रिक्षा-टॅक्सीवाले, ओला-उबरवाले असतीलच. त्यांना असं सांगून बघा.

टाळकरी_कांजूर
हे आवडलं. आमच्यात टॅक्सीवाले बरेच आहेत. पण आधी गाडी तर येऊ दे. ताई, उद्दिष्टात 'वारकरी संप्रदायाचा प्रचार व कीर्तन सप्ताह आयोजित करणे' असं आहे. एफ नंबर आहे. महाराज आमचे अध्यक्ष आहेत. आता सांगा.

हिशेबनीस_ताई
अध्यक्ष आहेत हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं! दादा, यानेच उत्तर ठरतं. महाराज विश्वस्त असतील तर ट्रस्टच्या पैशातून त्यांच्या नावावर गाडी करणं म्हणजे विश्वस्ताने ट्रस्टमधून फायदा घेणं. धर्मादायकडे तक्रार झाली तर तुम्ही सगळे उत्तरदायी, आणि आयकराची सवलतही धोक्यात. गाडी मंडळाच्याच नावावर घ्या.

कुणी म्हणेल की ट्रस्टला मध्ये न आणता सभासदांनी परस्पर महाराजांना भेट द्यावी. त्यातही बघा: नात्याबाहेरच्यांकडून वर्षभरात ५०,००० रुपयांच्या वर पैसे आले तर सगळी रक्कम करपात्र होते. मोटारगाडी वस्तू म्हणून त्या भेटींच्या यादीत नाही हे खरं, पण कीर्तनाचं मानधन हेच त्यांचं उत्पन्न असेल तर अधिकारी ती गाडी त्या कामाचाच मोबदला धरू शकतो. पासष्टीच्या माणसाच्या मागे नोटिसा लावू नका.

दिंडीप्रमुख_परळ
कायदा सांगणारे सगळे, मान सांगणारं कुणी नाही. विश्वास नसेल तर देऊच नका.

भाऊचा_धक्का
विश्वास आहे म्हणूनच कागद हवा. महाराजांवर उद्या कुणी बोट दाखवू नये यासाठी.

घाटकोपर_पूर्व
आमच्या शेजारी जैन उपाश्रय आहे. साधू-साध्वी वाहनात बसतच नाहीत, सगळा विहार पायी. पण म्हणून संघाचं काम कमी नसतं. पुढच्या मुक्कामाची सोय, वाटेत सोबत चालणारी माणसं, हायवेवर रहदारीपासून सांभाळणं. प्रवासी संन्याशांची सोय समाजाने करायची हे सगळीकडेच आहे. मूळ प्रश्नाशी संबंध नाही, पण वाचताना आठवलं.

सप्ताह_माणगाव
पंढरीच्या वारीला टोल माफ असतो, तो पास मंडळाच्या गाडीला मिळतो का?

लोकल_डोंबिवली
आषाढीला सरकार जाहीर करतं तेव्हा आरटीओ किंवा पोलीस ठाण्यातून स्टिकर घ्यायचा, गाडी कुणाच्याही नावावर असो. आणि मुंबईच्या वेशीवरचे पाचही नाके, दहिसर, ऐरोली, वाशी, मुलुंडचे दोन, हलक्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून माफच आहेत. मग टोलचा बाऊ कशाला?

सप्ताह_माणगाव
मी पंढरपूरचं विचारलं, मुलुंडचं नाही.

टाळकरी_कांजूर
टोलसाठी वेगळा धागा काढा ना. मला आरटीओचं अजून कुणी सांगितलेलं नाही. गाडी एमएच-०४ ची, म्हणजे ठाण्याची आहे, आमच्या ऑफिसचा पत्ता कांजूरचा.

घाटउतार
पत्ता कांजूरचा म्हणजे वडाळा आरटीओ. नाव बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, मालकाची आरसी, चालू विमा, पीयूसी. मंडळाचं पॅनकार्ड, नोंदणी सर्टिफिकेटची प्रत, आणि कुणी सही करायची याचा ठराव. आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. ई-चलन बाकी आहेत का ते नंबर टाकून आधीच बघा. विम्यावर नाव बदलण्यासाठी १४ दिवसांत कंपनीला कळवावं लागतं, ते विसरायला होतं. आणि गाडी कुणाच्या नावावर आहे यानुसार करात फरक पडतो. कंपनीच्या नावावरच्या गाडीला महाराष्ट्रात दर जास्त आहे. ट्रस्ट म्हणून तुमचं काय धरतात ते काउंटरवर लेखी घ्या, एजंटाच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका.

आणि पांढऱ्या पाटीच्या (खासगी) गाडीचं भाडं घेता येत नाही. सप्ताहवाल्यांनी काही दिलं तर ती मंडळाला देणगी, देणगीचीच पावती. 'गाडीभाडे' असं लिहून पैसे घेतलेत आणि पुढे अपघात झाला तर विमा कंपनी क्लेम अडवेल.

मिशन_कंपाउंड
विम्याचं अजून एक. गाडी संस्थेच्या नावावर असली की मालक-चालकाचा जो १५ लाखांचा अपघात विमा व्यक्तीला असतो तो लागू होत नाही, कारण संस्था गाडी चालवत नाही. म्हणून ड्रायव्हरचं आणि आत बसणाऱ्यांचं कव्हर वेगळं मागून घ्या. आम्हाला हे उशिरा कळलं. आणि मागची पेटी, टाळकऱ्यांची संख्या बघा. सात जणांच्या गाडीत नऊ बसले तर त्याचंही उत्तर द्यावं लागतं.

वीणेकरी
वर्षाच्या खर्चाचं कुणी बोललं नाही. महिन्याला पंधराशे किलोमीटर धरा, लिटरला पंधरा. शंभर लिटर झाले, मुंबईत पेट्रोल शंभरीच्या वर. म्हणजे दहा हजारांच्या वर नुसतं पेट्रोल. ड्रायव्हर, विमा, टायर वेगळे. गाडी घ्यायला लोक एकदा देतात, दर महिन्याला कोण देणार ते आधी ठरवा. नाहीतर गाडी दारात आणि महाराज परत कुणाच्या तरी बाईकवर.

टाळकरी_कांजूर
काल रात्री कमिटी बसली. गाडी मंडळाच्या नावावर. कर्ज नाही, कमी पडणारे एक लाख पंच्याऐंशी सभासद देणगी देणार, सगळं ऑनलाइन. मालकाला रोखीचं सांगितलं, तो तयार झाला. पेट्रोलसाठी टॅक्सीवाल्या सभासदांनी महिन्याला ठरावीक रक्कम कबूल केली, ते मिशनवाल्या दादांच्या पोस्टवरून. देणगीदार ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकरातली सूट विचारतायत, मिळेल का?

हिशेबनीस_ताई
निव्वळ धार्मिक उद्दिष्टं असलेल्या ट्रस्टला ८०जी मिळत नाही. पावतीवर तसं छापू नका आणि तोंडीही सांगू नका.

ठरावात तीन गोष्टी घाला. महाराज त्या सभेत मतदानाला नव्हते आणि त्यांनी सही केलेली नाही, हे इतिवृत्तात हवं. गाडी 'महाराजांना दिली' असं लिहायचं नाही. 'मंडळाच्या कीर्तनसेवेसाठी, महाराजांच्या प्रवासाला प्रथम प्राधान्य, दवाखान्यासह' असं लिहा, म्हणजे दिंडीप्रमुख म्हणतात ती वेळ येणार नाही. आणि किल्ली ड्रायव्हरकडे राहील, सेक्रेटरीकडे नाही, हेही ठरावातच घाला. पुढची कमिटी आली तर तिलाही ठराव बदलावा लागेल, किल्ली परस्पर काढून घेता येणार नाही.