स्क्रब टायफस घरातील इतरांना लागतो काय?

प्रश्न (यवतमाळ जिल्हा):
आईला आठवडाभरापासून ताप आहे. मलेरिया व डेंग्यूच्या तपासण्या निगेटिव्ह आल्याने डॉक्टरांनी स्क्रब टायफसची शंका व्यक्त केली आहे. ती रोज निंदणाला वावरात जाते. घरातील लहान मुलांना तिच्यापासून धोका आहे काय?

उत्तर (आरोग्यसेविका, वर्धा जिल्हा):
नाही भाऊ, हा आजार माणसापासून माणसाला लागत नाही. गवत-झुडपांत राहणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या माइटच्या (गोचिडीसारख्या बारीक किडीच्या) अळीच्या चाव्यातून याचे जीवाणू शरीरात शिरतात आणि साधारण ६ ते २१ दिवसांनी ताप येतो. आईची काख, जांघ आणि कमरेला नाडी बांधतो ती जागा नीट पाहा; तिथे बिडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली असू शकते. ती बहुधा दुखत नाही, त्यामुळे रुग्ण तिच्याविषयी बोलतच नाही. खपली नसली तरी आजार नाही, असे मात्र समजू नका.

उत्तर (नागपूर):
2018 च्या पावसाळ्यात विदर्भाने या आजाराचा मोठा उद्रेक अनुभवला आहे. आयजीएम एलायझा ही रक्ताची तपासणी पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून अनुभवी डॉक्टर अहवालाची वाट न पाहता डॉक्सीसायक्लीन हे प्रतिजैविक औषध सुरू करतात. पेनिसिलिन गटातील औषधे येथे निरुपयोगी ठरतात. धाप, ग्लानी किंवा लघवी कमी होणे दिसल्यास आईंना तत्काळ मोठ्या दवाखान्यात न्या.

उत्तर (शेतकरी, अमरावती जिल्हा):
लस उपलब्ध नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, वावरातून येताच आंघोळ करावी, कपडे गरम पाण्यात धुवावेत आणि घराभोवतीचे गवत काढून उंदरांचा बंदोबस्त करावा.