प्रश्नचिन्ह आलं की ‘परत इम्पोर्ट करा’ सांगणाऱ्यांना

खडेबाजार_फ्लॅश
फोटोग्राफरांच्या ग्रुपवर सकाळपासून लाइटरूम या फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअरबद्दल एक मेसेज फिरतोय: ‘लाइटरूममध्ये फोल्डरवर प्रश्नचिन्ह आलं की फोल्डर रिमूव्ह करा, परत इम्पोर्ट करा. तरी जमलं नाही तर ड्राइव्ह फॉरमॅट मारा. एक्स्टर्नल ड्राइव्हवर एडिटिंग करूच नका.’ खाली अंगठ्यांची रांग. तुळशीचं लग्न झालं की सगळ्यांच्या मांडीवर लॅपटॉप येणार, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रश्नचिन्ह म्हणजे फोटो गेले असं नाही. कॅटलॉगमध्ये (फोटो कुठे आहेत आणि त्यांवर काय एडिट केलं याची लाइटरूमची नोंदवही) जो पत्ता आहे, तिथं फोल्डर सापडत नाही, एवढंच. विंडोजवर नेहमीचं कारण म्हणजे ड्राइव्हचं अक्षर. काल ड्राइव्ह ‘ई’ होता, आज कार्ड रीडर आधी लागला आणि ड्राइव्ह ‘एफ’ झाला. लाइटरूम बिचारं ‘ई’मध्येच शोधत बसतं. लाइटरूम बंद करा, डिस्क मॅनेजमेंट उघडा, ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’मधून जुनं अक्षर परत द्या. कायमचा बंदोबस्त हवा तर ‘पी’ किंवा ‘एक्स’ द्या, तिथपर्यंत पेनड्राइव्ह सहसा पोचत नाहीत. अक्षर बदललं तर ‘शो पेरेंट फोल्डर’ने सगळ्यात वरचं फोल्डर आणा आणि त्यावरच ‘फाइंड मिसिंग फोल्डर’ करा. खालची सगळी एका दमात जोडली जातात.

रिमूव्ह केलंत तर कॅटलॉगमधलं काम गेलं. एक्सएमपी (फोटोसोबत जपलेली एडिटची नोंद) लिहून ठेवलं असेल तर स्लायडर, रेटिंग, कीवर्ड परत येतात. व्हर्च्युअल कॉपी, कलेक्शन, हिस्टरी येत नाहीत.

टिळकवाडी_एडिटर
मेसेज माझाच आहे, नाव घेऊन बोला की. सीझनमध्ये रात्री दोनला कोण डिस्क मॅनेजमेंट उघडतंय? माझा मूळ मुद्दा कुणी वाचलाच नाही. चालू लग्नाचे रॉ (कॅमेऱ्यातल्या मूळ फाइली) आणि कॅटलॉग आतल्या एसएसडीवर (न फिरणारी, वेगवान डिस्क) ठेवा, अल्बम गेला की बाहेर हलवा. मग अक्षर बदलू दे नाहीतर बाराखडी बदलू दे. फिरत्या डिस्कवर प्रिव्ह्यू बनवत बसणं म्हणजे पोस्ट प्रोसेसिंग नव्हे, तपश्चर्या.

निपाणीकर
मेसेजमध्ये ‘फॉरमॅट मारा’ लिहिलंय, ते आधी मागे घ्या. एसएसडीचं नंतर बघू.

आणि दोघांनीही केबलचं नाव काढलं नाही. पोर्टेबल डिस्कची चपटी, दोन भागांची पिन ढिली झाली की लोक मोबाइलची मायक्रो केबल घुसवतात. डिस्क चालते, पण यूएसबी २.० वर: सेकंदाला ३५-४० एमबी. मग ‘लाइटरूम स्लो आहे’ म्हणून रॅम वाढवायला जातात. डिस्क मधेच गायब होऊन परत दिसते? कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टमधून किंवा बिनअडॅप्टरच्या हबमधून काढा, मागे थेट मदरबोर्डला लावा. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपियर देतो, ३ चा ९००. डिस्क फिरायला लागतानाच जास्त करंट ओढते आणि तिथंच बसते. पॉवर ऑप्शन्समधलं ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ही बंद करा.

चिकोडी_व्हिडिओ
केबलपेक्षा एनटीएफएसचं, म्हणजे ड्राइव्हच्या विंडोजवाल्या फॉरमॅटचं बोला. अल्बम डिझाइनला कोल्हापूरला ड्राइव्ह पाठवतो, तिथं मॅक. एनटीएफएस ड्राइव्हवर त्याला काही लिहिता येत नाही, की लगेच फोन. सगळ्यांनी एक्सफॅट (विंडोज-मॅक दोन्हीकडे चालणारा फॉरमॅट) करा, विषय संपला.

खानापूर_रॉ
संपला नाही, आता सुरू झाला. एक्सफॅटला जर्नल, म्हणजे बदल करण्याआधी ठेवलेली त्यांची नोंद, नाही. कॉपी चालू असताना लाइट गेली की फोल्डरची फोल्डरं बिघडतात. आमच्याकडे पावसात लाइट किती वेळा जाते ते चिकोडीत बसून कळायचं नाही. तक्रार केली की ‘झाड पडलंय री’ हे एकच उत्तर. वर्षभर तेच झाड पडतंय.

चिकोडी_व्हिडिओ
यूपीएस घ्या मग. चार लाखाची कॅमेरा बॉडी परवडते, यूपीएस परवडत नाही? आणि एनटीएफएसचं जर्नल फाइलींची नोंद सांभाळतं, फाइलीतला मजकूर नाही. अर्धवट कॉपी झालेली एनईएफ (निकॉनची रॉ फाइल) दोन्हीकडे अर्धवटच राहणार.

खानापूर_रॉ
एक फाइल अर्धवट राहणं आणि अख्खं फोल्डर न उघडणं, यात फरक कळत नसेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

चिकोडी_व्हिडिओ
ठीक आहे सर, आम्ही अडाणी.

निपाणीकर
भांडा की, पण माहिती पूर्ण द्या. मॅक एनटीएफएस वाचतो, लिहीत नाही. डिझायनरला जेपीजी फक्त वाचायच्या असतात ना? मग मूळ ड्राइव्ह एनटीएफएसच राहू दे. त्याच्या पीएसडी (फोटोशॉपच्या फाइली) परत यायला वेगळा पेनड्राइव्ह एक्सफॅट करून द्या. एफएटी३२ नको, ४ जीबीवरची फाइल घेत नाही. शिवाय रॉचा एक्सफॅट ड्राइव्ह मॅकला लागून आला की त्यात टिंब आणि अधोरेषेनं सुरू होणाऱ्या चार-चार केबीच्या फाइली पडतात. नाव हुबेहूब रॉसारखं, पुढे शेपूट एनईएफचंच. विंडोजवर इम्पोर्ट केलं की लाइटरूम त्यांना ‘डॅमेज्ड’ म्हणतं आणि लोकांना वाटतं कार्ड गेलं. आकार बघा, डिलीट करा. मूळ फोटोला काही झालेलं नसतं.

चिकोडी_व्हिडिओ
वेगळ्या पेनड्राइव्हची आयडिया… बरी आहे. पण तो पेनड्राइव्ह कोल्हापूरहून परत येतो हे गृहीत धरलंय, याबद्दल अभिनंदन.

खडेबाजार_फ्लॅश
मूळ विषयावर या. डिस्क ‘टक टक’ करत असेल, किंवा क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासायच्या प्रोग्राममध्ये ‘करंट पेंडिंग सेक्टर’च्या (नीट वाचता न येणारे भाग) पुढचा आकडा शून्य नसेल, तर अक्षर, केबल, फॉरमॅट सगळं विसरा. आधी महत्त्वाचं दुसऱ्या डिस्कवर घ्या. विंडोजच्या ‘चेकडिस्क’ला ‘आर’ लावून तर मुळीच चालवू नका. तो एकेक सेक्टर घासत बसतो आणि मरायला टेकलेली डिस्क त्यातच संपते.

टिळकवाडी_एडिटर
बरं. ‘फॉरमॅट’ आणि ‘परत इम्पोर्ट’ मेसेजमधून काढतो, खूश? एसएसडीचं मात्र सोडत नाही. दोन टीबीच्या पोर्टेबल डिस्का बहुतेक एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) असतात. २०० जीबी टाकायला घ्या, सुरुवातीला सेकंदाला सव्वाशे एमबीचा वेग, कॅशे भरला की वीस-तीसवर. त्यावर एडिट करा म्हणणाऱ्यांनी अल्बमची तारीख पण द्यावी.

खडेबाजार_फ्लॅश
रॉ बाहेर ठेवून कॅटलॉग, प्रिव्ह्यू आणि फोटोशॉपचा स्क्रॅच (तात्पुरती कामाची जागा) आतल्या एसएसडीवर ठेवला तर निम्मं दुखणं जातं. स्मार्ट प्रिव्ह्यू (फोटोंच्या लहान प्रती) बनवले तर ड्राइव्ह न लावताही डेव्हलप, म्हणजे एडिटिंग, चालतं, लांब बाजू २५६० पिक्सेल मिळते. एक्सपोर्टला तेवढा ड्राइव्ह लावा. आणि कॅटलॉग उघडत नाही म्हणून ‘लॉक’ फाइल उडवायची असेल तर खुशाल उडवा, लाइटरूम बंद असताना. शेजारच्या ‘डब्ल्यूएएल’ शेपटाच्या फाइलीला हात लावू नका, शेवटचे बदल त्यात असू शकतात.

टिळकवाडी_एडिटर
म्हणजे एसएसडी लागतोच. धन्यवाद.

खानापूर_रॉ
हे सगळं ठीक. लाइटरूम बंद करूनही ‘डिव्हाइस इज इन यूज’ म्हणून ड्राइव्ह इजेक्ट होत नाही, त्याला काय करायचं? ओढून काढू?

निपाणीकर
ओढू नका. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्स, सिस्टम, त्यात ‘कर्नल-पीएनपी’ची २२५ नंबरची नोंद शोधा. कुठल्या प्रोग्रामनं इजेक्ट अडवलं त्याचं नाव तिथं असतं. फोटोशॉप उघडं राहिलेलं असेल आणि स्क्रॅच त्याच ड्राइव्हवर असेल तर तेच दिसेल. काहीच कळलं नाही तर पीसी शटडाउन करा आणि मग काढा.