मदत हवी आहे : पगारातून कापलेला पीएफ खात्यात जमा झालेला नाही

सर्वांना नमस्कार. मी वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहते आणि येथील एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात ४ वर्षांपासून ठेकेदारामार्फत सहायक म्हणून काम करते. माझ्या पगारपत्रकावर दरमहा १,८०० रुपये, म्हणजे १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर १२ टक्के, भविष्य निर्वाह निधीची कपात दिसते; परंतु गेल्या आठवड्यात यूएएन (पीएफ सदस्याचा कायम खाते क्रमांक) वापरून पीएफचे ऑनलाइन पासबुक उघडले, तेव्हा ऑगस्टनंतर एकही नोंद नव्हती. ही रक्कम पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावी लागते, आणि ठेकेदाराने ती न भरल्यास मुख्य नियोक्त्यावर, म्हणजे विद्यापीठावरच, जबाबदारी येते, असे मी वाचले आहे. लेखा विभागात मात्र "ठेकेदाराला विचारा" एवढेच उत्तर मिळाले.

प्रथम कुलसचिवांना लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी, की थेट भविष्य निर्वाह निधीच्या तक्रार पोर्टलवर नोंद करावी? मार्चमध्ये कराराचे नूतनीकरण आहे, त्यामुळे हा क्रम माझ्यासाठी फार महत्त्वाचा आहे.

आणखी एक. आमच्याकडे तासांवर काम करणारी मुले संध्याकाळी पुस्तके जागेवर लावतात, वहीत वेळ लिहून सही करतात, आणि त्यांचे मानधन तीन-तीन महिने अडकते. त्यातली एक मुलगी त्याच पैशांतून खोलीचे भाडे भरते. या विद्यार्थ्यांना कर्मचारी म्हणून काही हक्क मिळतात का? विद्यापीठाच्या लेखा किंवा आस्थापना विभागात काम केलेल्या कोणी कृपया मार्गदर्शन करावे. पगारपत्रके आणि पासबुकाच्या प्रती मी जपून ठेवल्या आहेत.