मदत हवी आहे: भूखंड नकाशांसाठी बनवलेली कस्टम स्कीमा दुसऱ्या प्रोजेक्टला कशी न्यायची?

नमस्कार मंडळी,

दोन वर्षं खपून एका प्रोजेक्टसाठी भूखंडांच्या नकाशाचा डेटाबेस उभा केला, पोस्टग्रेएसक्यूएल (डेटाबेस), त्यावर पोस्टजीआयएस (नकाशाच्या आकारांसाठीचं त्याचं एक्स्टेन्शन) आणि एडिटिंग सगळं क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधून. आता तसंच दुसरं काम आलंय आणि वरून हुकूम असा की आहे तेच उचलून टाक, दोन दिवसांचं तर काम. ते दोन दिवस कधीच उलटले.

स्कीमा (म्हणजे टेबलांचा आराखडा) साधारण अशी आहे: भूखंड, हद्दरेषा, कोपऱ्यांचे बिंदू, दस्त, माणसं आणि हक्क अशी वेगवेगळी टेबलं. भूखंडाची पोटविभागणी झाली की जुना भूखंड डिलीट करत नाही, कुठल्या दस्तामुळे तो जन्मला आणि कुठल्या दस्तामुळे संपला असे दोन कॉलम ठेवलेत (ही कल्पना एसरी कंपनीच्या पार्सल फॅब्रिक या भूखंड-प्रणालीतून उचलली, लपवण्यात अर्थ नाही). दस्तातलं क्षेत्रफळ आणि भूमितीतून निघणारं क्षेत्रफळ वेगळं ठेवलंय कारण ते दोन आकडे कधीच जुळत नाहीत आणि जुळवायलाही जाऊ नये.

तर आधी पीजी डम्प (डेटाबेसची प्रत काढणारी आज्ञा) स्कीमा-ओन्ली, म्हणजे डेटा सोडून नुसता आराखडा, असा लावून घेतला. टेबलं आली, ट्रिगर (नोंद बदलली की आपोआप चालणारे नियम) आले, मी खूश. फॉर्म उघडला तर सगळे ड्रॉपडाऊन रिकामे! जमिनीचा वापर, हद्दीचा प्रकार, भूखंडाची स्थिती हे सगळं लुकअप टेबलांमधल्या (पर्यायांच्या याद्यांमधल्या) रो मध्ये होतं आणि रो म्हणजे डेटा, तो आलाच नाही, त्यामुळे फॉरेन की (दुसऱ्या टेबलात नोंद नसलेली किंमत नाकारणारा नियम) एकही भूखंड आत घेईना. स्पेशियल रेफ सिस टेबलात आम्ही हाताने टाकलेलं प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) पण गायब, आणि क्यूजीआयएसच्या स्टाइल लेयर स्टाइल्स टेबलात होत्या त्यांचंही तेच.

मग नुसती हवी ती टेबलं मागवली, तर ट्रिगरचं फंक्शन मागेच राहिलं. नंतर कळलं की असं एकेक टेबल मागितलं की ते ज्याच्यावर अवलंबून आहे ते आपोआप येत नाही.

तिसरा गोंधळ माझाच. नवीन काम शेजारच्या यूटीएम झोनमध्ये (नकाशासाठी पृथ्वीचे पाडलेले ६ अंश रुंदीचे पट्टे) आहे. जुन्या झोनमधले २० भूखंड चाचणीला टाकले होते, त्यावर अपडेट जॉमेट्री एसआरआयडी (प्रोजेक्शनचा क्रमांक बदलणारं फंक्शन) चालवलं आणि सगळे बरोब्बर ६ अंश बाजूला जाऊन बसले. ते फंक्शन नुसतं लेबल बदलतं, कोऑर्डिनेट्सना हात लावत नाही, हे माहीत असून केलं.

आता खरा प्रश्न. भूखंडाच्या टेबलात १४ कॉलम फक्त जुन्या प्रोजेक्टच्या हट्टापायी घुसवलेले आहेत. ठेवले तर नवीन लोक विचारणार हे काय, काढले तर व्ह्यू (साठवून ठेवलेली क्वेरी) निदान ओरडतो तरी, ट्रिगरचं फंक्शन मात्र गप्प बसतं आणि कोणी सेव्ह करायला गेलं की मग तोंडावर आपटतं. तिसरा प्रोजेक्टही येईल असं वाटतंय, म्हणून विचारतोय की हे एकदाच नीट कसं लावायचं? सगळं जेसनबी कॉलममध्ये (एकाच कॉलमात हवी ती माहिती मोकळी साठवायचा प्रकार) कोंबायचा मोह होतोय.

प्रतिसाद १
आधी एक ठरवा, लुकअपमधल्या रो हा डेटा नाहीच, तो स्कीमाचाच भाग आहे. तीन फाइल करा: टेबलं-फंक्शनं, लुकअपच्या रो आणि स्टाइल-प्रोजेक्शन. चालवायच्या आधी नवीन डेटाबेसमध्ये पोस्टजीआयएस एक्स्टेन्शन टाकून घ्या. लेयर स्टाइल्समध्ये स्कीमाचं (इथे अर्थ डेटाबेसमधला टेबलांचा नाव दिलेला कप्पा) नाव रो मध्येच लिहिलेलं असतं, नाव बदललंत तर तिथेही बदला नाहीतर स्टाइल असून सापडणार नाही. किंवा सरळ एक रिकामा नमुना डेटाबेस ठेवा आणि टेम्प्लेट देऊन नवीन बनवा, रो सकट सगळं येतं. फक्त चालू डेटाबेसला टेम्प्लेट करू नका, त्यावर एकजण जरी कनेक्ट असेल तर कॉपी होत नाही.

प्रतिसाद २
जेसनबी नको हो. ज्याच्यावर उद्या तपासणी लावायची आहे ते तिथे टाकलंत की फॉरेन कीवर पाणी सोडलं. १४ कॉलमसाठी बाजूला एक टेबल करा, की तीच, एका भूखंडाला एकच रो, आणि ते प्रोजेक्टच्या नावाच्या वेगळ्या स्कीमात ठेवा. मूळ टेबलाने त्याच्याकडे कधी बघायचंच नाही, बघायचं ते त्याने मूळ टेबलाकडे.

मूळ काय आणि उपरं काय हे ठरवायला आयएसओ १९१५२ चाळणीसारखं वापरा, म्हणजे लँड अॅडमिनिस्ट्रेशन डोमेन मॉडेल, २०१२ चं, पहिला भाग २०२४ मध्ये नव्याने आलाय. पक्ष, हक्क-निर्बंध-जबाबदाऱ्या, प्रशासकीय एकक आणि जागेचं एकक. यात बसतं ते मूळ. अख्खं मॉडेल राबवायला जाल तर तिसरा प्रोजेक्ट येऊन जाईल.

धागाकर्ता
धन्यवाद दोघांनाही. चाळणी लावली, १४ पैकी ५ मूळात गेले, ९ बाजूच्या टेबलात. पण अजून एक घाण सापडली, ओव्हरलॅप तपासणाऱ्या फंक्शनमध्ये टॉलरन्सचा (चालवून घ्यायच्या फरकाचा) आकडा आणि 'स्थिती ७ असेल तर सोडून दे' असं थेट लिहिलंय. ७ म्हणजे वादग्रस्त. नवीन लुकअपमध्ये ७ म्हणजे भलतंच काहीतरी.

प्रतिसाद १
आकडे सेटिंग्जच्या टेबलात न्या, आणि कोडला क्रमांक न देता छोटा शब्द द्या, 'वाद' वगैरे, म्हणजे प्रोजेक्ट बदलला तरी अर्थ बदलत नाही. आणि ते गप्प बसणारे ट्रिगर पकडायला पीएलपीजीएसक्यूएल चेक नावाचं एक्स्टेन्शन आहे, नसलेल्या कॉलमवर बोट ठेवतं.

धागाकर्ता
चालवलं. कॉलम हलवल्यावर तीन फंक्शनं तुटलेली निघाली, त्यातलं एक तर मी स्वतः कालच तपासलं होतं. आता तिघांची डागडुजी करून रिकामा नमुना बनवतो, त्यातून नवीन डेटाबेस काढून मग तेच २० भूखंड एसटी ट्रान्सफॉर्म (कोऑर्डिनेट्स खरोखर बदलणारं फंक्शन) लावून टाकतो, काय होतंय ते इथेच कळवतो.